टिळकांवर देशद्रोहाचा खटला चालला होता का?

प्रश्न : नमस्कार ताई. आमच्या घरात एका शब्दावरून पंधरा दिवस अबोला चालू आहे. माझा पुतण्या इंजिनीअरिंगला आहे. १५ ऑगस्टला त्याने फॅमिली ग्रुपवर लिहिलं की देशावर प्रेम वगैरे मला पटत नाही, आपण कुठे जन्मलो हा योगायोग आहे, प्रेम करायचं तर माणसांवर करावं. माझ्या मिस्टरांनी त्याला सरळ देशद्रोही म्हटलं आणि ग्रुपमधून काढून टाकलं, तेव्हापासून जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत. मला राजकारणात पडायचं नाही, फक्त एवढंच सांगा की हा शब्द इथे बरोबर आहे का, तो आला कुठून, आणि देशप्रेमच मान्य नसलेल्या माणसाला मराठीत वेगळा शब्द आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, आधी उत्तर सांगते मग कारणं. नाही, शब्द बरोबर नाही. पुतण्याचं म्हणणं तुम्हाला पटो न पटो, मलाही ते सगळं पटत नाही, पण त्याने जे केलं त्याला द्रोह म्हणत नाहीत.

द्रोह हा शब्द फार जुना. संस्कृत धातू द्रुह्, म्हणजे अपाय करणे, मनात वैर धरून वाईट करणे. ह्याच कुळातला शब्द जुन्या इराणी भाषेत द्रुज असा आहे, तिथे त्याचा अर्थ खोटेपणा, फसवणूक, आणि जर्मनमध्ये फसवणे ह्या अर्थाचं जे क्रियापद आहे तेही ह्याच मुळातून आलेलं. म्हणजे नुसतं विरुद्ध असणं एवढ्याने द्रोह होत नाही, त्यात फसवणूक लागते, ज्याने विश्वास टाकला त्याचाच घात लागतो. म्हणून बघा आपण मित्रद्रोह म्हणतो, गुरुद्रोह म्हणतो, स्वामिद्रोह म्हणतो, पण शत्रुद्रोह कधी ऐकलाय? शत्रूशी लढाई होते, त्याचा द्रोह होत नाही. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन 'मित्रद्रोहे च पातकम्' म्हणतो, तिथेही मुद्दा नात्याचा आहे, ज्याच्याशी नातं आहे त्याच्यावर उलटण्याचं पाप.

आता देश. हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्याचा जुना मराठी अर्थ कानाआड झालाय, पण तो मेलेला नाही. कोकणातली म्हातारी माणसं अजून म्हणतात, अमका देशावर गेलाय, म्हणजे घाट चढून वर गेलाय, पुण्या-साताऱ्याकडे. देशस्थ, देशमुख, देशपांडे ह्या सगळ्यातला देश म्हणजे मुलूख, परगणा. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा एक देश आणि त्याच्यावर भक्ती, हा अर्थ मराठीत एकोणिसाव्या शतकात रुळला, इंग्रजी शाळा, छापखाना, वर्तमानपत्रं आली तेव्हा. त्या काळात शब्द चालायचे ते देशाभिमान, स्वदेशाभिमान, स्वदेशप्रीती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ साली सुरू झाली, तिच्यातल्या 'आमच्या देशाची स्थिती' ह्या निबंधावर इंग्रजांनी पुढे बंदी घातली, ती १९३७ साली उठली. देशभक्त हा शब्द तर पुढे पदवीसारखा नावाआधी लागायला लागला, देशभक्त केशवराव जेधे, देशभक्त रत्नाप्पाअण्णा कुंभार. तेव्हा आजच्या अर्थाचा देशद्रोह हाही ह्या नव्या देशाच्या मागून आलेला शब्द आहे, देशभक्तीचा धाकटा भाऊ म्हणा, शिवकाळात तो शोधायला जाऊ नका.

शिवकाळात मग काय होतं? वतन होतं. हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. अरबी-फारसीत वतन म्हणजे मायभूमी, जन्मभूमी, उर्दूत वतनपरस्त म्हणजे देशभक्त. तोच शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ झाला पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, म्हणजे पिढीजात हक्क आणि त्यासोबतची जमीन. माझ्या आजोबांच्या गावी लहानपणी सात-बाऱ्याच्या उताऱ्यावर वतन शब्द वाचून मी विचारलं होतं की इथे देश कशाला लिहिलाय, तेव्हा आजोबा म्हणाले देश नाही गं, हक्क. त्या दोन अर्थांमध्ये मराठ्यांचा अर्धा इतिहास बसतो. माणसं राजाला सोडून पलीकडे जायची ती बहुतेकदा वतनासाठी आणि परत यायची तीही वतनासाठी. राजाराम महाराजांना जिंजीहून कारभार करताना देशमुखांना वतनं, इनामं कबूल करावी लागली कारण औरंगजेबही तेच देऊ करत होता. त्या माणसाला देशद्रोही म्हणाल तर त्याला शब्दच कळणार नाही, स्वामिद्रोही म्हणा, हरामखोर म्हणा, बेइमान म्हणा, लगेच कळेल, कारण निष्ठा माणसाशी होती, खाल्ल्या मिठाशी होती.

मग राजद्रोह. आणि इथे मी तुम्हाला एक साधी परीक्षा सांगते, तुमच्या मिस्टरांनाही विचारा. लोकमान्य टिळकांवर कसला खटला चालला होता? शाळेतल्या पोरालाही येतं, राजद्रोहाचा. टिळकांवर देशद्रोहाचा खटला चालला होता असं सहसा कुणी म्हणत नाही, जीभच वळत नाही. म्हणजे आपल्या भाषेला दोन्हीतला फरक पक्का ठाऊक आहे. राजद्रोह म्हणजे सत्तेवर असलेल्या सरकारच्या विरोधात लोकांची मनं फिरवणं. आणि ते सरकार परक्याचं असेल तर तोच राजद्रोह देशभक्ती ठरतो, एकच लेख, एकच माणूस.

१८९७ सालचं बघा. १५ जूनच्या केसरीत 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आणि शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत छापून आला, २२ जूनला गणेशखिंडीत रँड आणि आयर्स्टवर चापेकरांनी गोळ्या झाडल्या, २७ जुलैला टिळकांना अटक. ज्युरी नऊ जणांची, सहा युरोपियन आणि तीन हिंदी, निकाल लागला सहा विरुद्ध तीन, अठरा महिने सक्तमजुरी. त्या वेळी टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेल्या वकिलांत दिनशा दावर होते. ११ वर्षांनी, १९०८ मध्ये, 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' ह्या अग्रलेखांवरून दुसरा खटला झाला तेव्हा तेच दावर न्यायाधीशाच्या खुर्चीत होते, ज्युरी सात विरुद्ध दोन, सहा वर्षं काळं पाणी, म्हणजे मंडाले. त्या खटल्यात टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, एकवीस तासांहून जास्त बोलले, आणि त्यातला बराच भाग कशावर होता माहितेय? भाषांतरावर. केसरीतल्या मराठीचं कोर्टात जे इंग्रजी सादर केलं होतं ते मूळ शब्दांपेक्षा जहाल आहे असं त्यांचं म्हणणं, सरकारी भाषांतरकाराला त्यांनी एकेका मराठी शब्दावरून उलटतपासणीत धरलं. मला हे वाचताना नेहमी अंगावर काटा येतो, एका शब्दाचा अर्थ काय ह्यावर माणसाची सहा वर्षं ठरत होती.

आता तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग, देशप्रेमच मान्य नसलेल्याला काय म्हणायचं. हा विचार आहे आणि त्याला नावही आहे, पण ते मराठीत घडलं नाही, ते फ्रान्समध्ये घडलं. अँटीपेट्रिऑटिझम. पेट्रिअट शब्दाच्या मुळाशी ग्रीक पात्रिस, म्हणजे वाडवडिलांची भूमी, आपल्या पितृ शब्दाचाच चुलतभाऊ, त्याला अँटी लावलं. हा शब्द गाजवला गुस्ताव एर्वे नावाच्या इतिहासाच्या मास्तरने. १९०१ साली त्याने एका लेखात लिहिलं की लष्कराच्या बराकी आहेत तोवर झेंडा बराकीच्या आवारातल्या शेणाच्या ढिगात रोवावा, आणि खाली सही केली होती ती 'देश नसलेला' अशा अर्थाच्या टोपणनावाने. ज्युरीने सोडला पण मास्तरकी गेली. १९०५ साली सैन्यभरतीविरोधी पोस्टरवर सही केली म्हणून चार वर्षांची शिक्षा झाली, नंतर माफी मिळाली. त्याचं म्हणणं असं, की मालकांचे देश वेगवेगळे असतील, कामगाराला कसला देश, त्याचा वर्ग हाच त्याचा देश, युद्ध पुकारलं तर संप करा. तो कुणा दुसऱ्या देशाला फितूर नव्हता, जर्मनीकडून पैसे घेऊन फ्रान्सला विकत नव्हता, त्याला जर्मनांचं जर्मनप्रेमही तितकंच नामंजूर होतं. द्रोह आणि हा विरोध ह्यात फरक आहे तो नेमका इथे.

आणि एक गोष्ट मी सांगितल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही. १९०७ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत श्टुटगार्टला समाजवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, एर्वे तिथे देशप्रेमाच्या विरोधात तावातावाने बोलला. त्याच परिषदेत मादाम कामांनी हिंदुस्थानचा झेंडा फडकवला. एकाच परिषदेत एक माणूस म्हणतोय देश ही फसवणूक आहे आणि एक बाई म्हणतायत आमचा देश आम्हाला परत द्या, आणि दोघांनाही टाळ्या वाजवणारे लोक तिथे होते. त्या झेंड्यांपैकी एक पुण्यात केसरीवाड्यात आहे, मी बघितलाय. वर हिरवा पट्टा त्यात आठ कमळं, मधल्या पिवळसर पट्ट्यावर देवनागरीत वन्दे मातरम्, खाली तांबड्यात सूर्य आणि चंद्र. कापड विटलंय. त्याच्यासमोर उभं राहिलं की देशप्रेम हा योगायोग आहे असं म्हणवत नाही, निदान मला तरी म्हणवत नाही. पण ज्याच्याकडे देश आहे, सैन्य आहे, वसाहती आहेत अशा फ्रेंच माणसाने देशप्रेमावर शंका घेणं आणि ज्याचा देशच हिरावलाय त्याने तो मागणं, ह्या दोन गोष्टी एकमेकींना खोट्या पाडत नाहीत.

एर्वेचं पुढे काय झालं ते पण सांगते, कारण तुमच्या मिस्टरांना आवडेल. १९१४ ला महायुद्ध सुरू झालं आणि हा गडी रातोरात कट्टर देशभक्त झाला, १९१६ मध्ये त्याने आपल्या पेपरचं नाव 'सामाजिक युद्ध' होतं ते बदलून 'विजय' केलं. तेव्हा विशीतल्या मुलाने ग्रुपवर काय लिहिलं त्यावरून त्याला कायमचा शिक्का मारू नका.

मराठीत शब्द सुचवायचा तर मी सरळ देशप्रेमविरोधी म्हणेन, थोडा लांब आहे पण खोटा नाही. आणि पुतण्याचं म्हणणं जर माणूस आधी एवढंच असेल तर त्याला परका शब्दही लागत नाही, सातशे वर्षांपूर्वी ज्ञानेश्वर माउलींनी 'हें विश्वचि माझें घर' म्हणून ठेवलंय, आणि आपण वारकऱ्याला देशद्रोही म्हणत नाही. त्याला ग्रुपमध्ये परत घ्या, जाऊबाईंना फोन तुम्हीच करा.

प्रश्न : मी तीस वर्षं कोर्टात नोकरी केली, आता रिटायर आहे. कोर्टात साक्षीदार फितूर झाला म्हणतात, इतिहासात किल्लेदार फितूर झाला म्हणतात, आणि हिंदी सिनेमात फितूर म्हणजे प्रेमाचं वेड. तिन्ही एकच शब्द आहेत का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : एकच आहेत साहेब, आणि मूळ अर्थ ह्या तिन्हीपेक्षा वेगळा आहे. अरबी फुतूर म्हणजे ढिलेपणा, शिथिलता, जोर ओसरणं. गरम पाणी कोमट होतं तसं. फारसी-उर्दूत येता येता त्यात बिघाड, खोट, गडबड असे अर्थ मिसळले. हिंदीवाल्यांनी डोक्यातली गडबड घेतली, म्हणून त्यांचा फितूर म्हणजे खूळ, ध्यास. आपण घेतली ती निष्ठेतली गडबड. पातळ झालेली निष्ठा, सैल पडलेली गाठ.

मराठीने तर त्याच्यापुढे जाऊन त्याला क्रियापदंच करून टाकलं, फितणे आणि फितवणे. ह्यातला फरक तुमच्यासारख्या कोर्टात बसलेल्या माणसाला जास्त कळेल. किल्लेदार फितला असं म्हटलं की मागे कुणीतरी त्याला फितवणारा असतोच, पैसा दिलेला, वतन कबूल केलेलं, नाहीतर बायकापोरांची भीती घातलेली. फितुरी एकट्याने होत नाही. मी एकदा एका तालुक्याच्या कोर्टात ओळखीच्यांसोबत दिवसभर बाकड्यावर बसले होते, साक्षीदार म्हातारा होता, आत जाताना धोतराचा सोगा हातात घट्ट धरून गेला आणि पाच मिनिटांत बाहेर आला, मी काय बघितलं नाही म्हणून सांगून. बाहेर कुणीतरी म्हणालं फितला. म्हातारा कुणाकडेच न बघता पायऱ्या उतरला, आणि फाटकाजवळ दोघं जण मोटरसायकलवर त्याची वाट बघत उभे होते. तेव्हापासून हा शब्द ऐकला की मला फितणाऱ्याच्या आधी फितवणारे दिसतात. इंग्रजीत अशा साक्षीदाराला जो शब्द आहे त्याचा अर्थ वैरी झालेला, पण तो म्हातारा वैरी नव्हता, मराठीचा शब्द जास्त खरा आहे.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण त्याच जातीची, घरभेदी हा शब्दही. ह्या सगळ्यात एक गोष्ट समान आहे, माणूस आतला असतो आणि बाहेरच्याला वाट दाखवतो. म्हणून वरच्या पत्रातल्या पुतण्याला फितूरही म्हणता येणार नाही, त्याने कुणाला दार उघडलेलं नाही.

प्रश्न : लॉच्या पहिल्या वर्षाला आहे. बातम्यांत 'देशद्रोहाचा गुन्हा दाखल' असं येतं आणि जुन्या कायद्याच्या मराठी पुस्तकात 'राजद्रोह' आहे. नवीन कायद्यात नक्की कोणता शब्द आहे? आणि अप्रीती हा काय प्रकार आहे, कायद्यात प्रेमाचं काय काम? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : अगदी नेमकं बोट ठेवलंस. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम १२४अ हे १८६० च्या मूळ कायद्यात नव्हतंच, १८७० साली घातलं. आणि गंमतीची नव्हे, चांगली लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की राजद्रोहासाठीचा इंग्रजी शब्द, सेडिशन, त्या कलमाच्या मजकुरात नाही, फक्त शीर्षकात आहे, प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील कोर्टाने, १९४७ साली तसं नोंदवलंय. मजकुरात जो शब्द आहे तो डिसअफेक्शन, त्याचंच मराठी अप्रीती. तू पोलीस खात्याच्या बातम्या वाचत असशील तर पोलीस अप्रीतीची भावना चेतवणे कायदा, १९२२ हे नाव कधीतरी नजरेखालून गेलं असेल, तीच ही अप्रीती.

आता प्रेमाचं काम काय? हाच प्रश्न मुंबई हायकोर्टात उभा राहिला होता. १८९७ च्या टिळक खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची ज्युरीला म्हणाले की डिसअफेक्शन म्हणजे सरळ प्रेमाचा अभाव, आणि मग त्यात द्वेष, वैर, नावड, तिरस्कार सगळं आलं. म्हणजे सरकारवर प्रेम नाही एवढं सिद्ध झालं तरी तुम्ही अडकलात. त्यानंतर लगेचच सातारा जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या 'प्रतोद' पत्राचा खटला त्याच हायकोर्टापुढे आला आणि त्या पीठावर होते आपले महादेव गोविंद रानडे. त्यांनी म्हटलं की नुसता प्रेमाचा अभाव म्हणजे अप्रीती नव्हे, तो एक ठाम, प्रत्यक्ष तिटकारा असावा लागतो, बेइमानीच्या जवळ जाणारा, सत्ता न जुमानणारा किंवा लोकांना आतून फोडू पाहणारा. बघ केवढा फरक पडतो. स्ट्रॅचींच्या अर्थाने गप्प बसलेला माणूसही संशयित, रानड्यांच्या अर्थाने नाही. रानडे काही बंडखोर नव्हते, सरकारी न्यायाधीश होते, तरी त्यांनी शब्दाला जागेवर ठेवलं, मला त्यांचं हे काम त्यांच्या मोठमोठ्या भाषणांइतकंच मोलाचं वाटतं.

१९२२ ला गांधीजींवर अहमदाबादेत हेच कलम लागलं तेव्हा ते कोर्टात म्हणाले की प्रेम कायद्याने तयार करता येत नाही किंवा त्याचं नियमनही करता येत नाही. त्यांनाही सहा वर्षंच झाली, न्यायाधीशांनी टिळकांचा दाखला देऊन.

स्वातंत्र्यानंतर घटना समितीने भाषणस्वातंत्र्यावरच्या बंधनांच्या यादीतून राजद्रोह हा शब्द काढला, कन्हैयालाल मुन्शींनी तशी दुरुस्ती सुचवली होती, पण कलम पुस्तकात राहिलं. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने कलम ठेवलं पण मर्यादा घातली की हिंसेची चिथावणी किंवा सार्वजनिक शांतता बिघडवण्याचा हेतू असेल तरच, सरकारवर कडक टीका म्हणजे राजद्रोह नव्हे. आपल्या राज्यात २०१५ च्या ऑगस्टमध्ये गृहखात्याने ह्या कलमाबाबत पोलिसांसाठी मराठीत परिपत्रक काढलं, त्याच्या शब्दांवरून असं वाटत होतं की लोकप्रतिनिधींवरची टीकाही ह्यात येते, हायकोर्टात आव्हान गेलं, स्थगिती आली, ऑक्टोबरमध्ये सरकारने ते मागे घेतलं. शब्द नीट न बसवल्याने काय होतं त्याचं ह्याहून जवळचं उदाहरण माझ्याकडे नाही. शब्द बसवणाऱ्या माणसाला आपल्याकडे कोण विचारतं, पण त्याच्या एका वाक्यावर पोलीस स्टेशनात एफआयआर लिहिला जातो.

११ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने १२४अ चा वापर थांबवायला सांगितला. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हे कलम नाही. त्याच्या जागेच्या आसपास कलम १५२ आहे, भारताचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणारं कृत्य, फुटून निघणं, सशस्त्र बंड, विघातक कारवाया ह्यांना चिथावणी, शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत. संसदेत गृहमंत्र्यांनी राजद्रोहाच्या जागी देशद्रोह आणलाय असं सांगितलं, पण कलमाचा मजकूर उघडून बघ, त्यात राजद्रोहही नाही आणि देशद्रोहही नाही. तेव्हा परीक्षेत लिहिताना कृत्याचं नाव लिही, बातमीतला शब्द लिहू नकोस. १२४अ च्या जुन्या केसला देशद्रोह म्हणणं तर सरळ चूकच आहे, आणि ती चूक आपल्या वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं केली, सरकार आणि देश एकच आहेत असं लोकांच्या मनात त्यातूनच बसलं.

प्रश्न : देशभक्तीवर शंका घेणारे लोक महाराष्ट्रात होऊन गेले का? की सगळे फ्रान्समध्येच? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : होऊन गेले, फक्त त्यांची शंका वेगळी होती. देश नको असं ते म्हणत नव्हते, ते विचारत होते की तुमच्या देशात आम्ही आहोत का? जोतीराव फुल्यांनी नेशन ह्या शब्दासाठी 'एकमय लोक' असे शब्द वापरले, आणि विचारलं की शूद्र, अतिशूद्र, भिल्ल, कोळी हे सगळे शिकून विचारी होऊन एकमय झाल्याशिवाय नेशन होणार कसं? मला विचाराल तर राष्ट्र ह्या संस्कृत शब्दापेक्षा हा शब्द कितीतरी पुढचा, त्याच्यात जमीन नाही, झेंडा नाही, फक्त लोक आहेत आणि त्यांचं एक होणं आहे. तो शब्द चालला नाही ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि डॉ. आंबेडकर. १४ ऑगस्ट १९३१, मुंबईत मणिभवन, गांधीजींची आणि त्यांची भेट. गांधीजी मायभूमीबद्दल बोलले तेव्हा बाबासाहेबांनी सांगितलं, गांधीजी, मला मायभूमी नाही. ज्या भूमीत आम्हाला कुत्र्यामांजरापेक्षा वाईट वागवतात, पाणी प्यायला मिळत नाही, तिला माझी म्हणू कशी, असा त्याचा आशय. चवदार तळ्याला चारच वर्षं झाली होती तेव्हा. त्या काळात त्यांना देशाचा वैरी म्हणणारे कमी नव्हते. आणि सोळा वर्षांनी त्याच देशाच्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष तेच झाले. वतनाचा विषय वर निघालाच आहे तर हेही सांगते, महार वतन नष्ट व्हावं म्हणून त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणलं होतं. ज्या वतनाचा अर्थ एका भाषेत मायभूमी तेच वतन इथे गावाची राबणूक होती. त्यांच्या तोंडचं मायभूमी नाही हे वाक्य ह्या वतनाच्या शेजारी ठेवून वाचा.

प्रश्न : गद्दार आणि गदर पार्टीचा गदर ह्यांचा काही संबंध आहे का? असेल तर देशभक्तांनी असं नाव का घेतलं? (एक वाचक, वर्धा)

उत्तर : संबंध आहे, सख्खा. अरबी ग़द्र म्हणजे विश्वासघात, वचन मोडणं, आणि तो करणारा ग़द्दार. १८५७ ला उर्दूत ग़दर म्हटलं गेलं ते ह्याच अर्थाने, शिपायांनी खाल्ल्या मिठाला न जागता उठाव केला असं. पुढे १९१३ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला इंग्रजांना घालवायला निघालेल्या हिंदी लोकांनी, म्हणजेच गदर पार्टीने, पेपर काढला तेव्हा तोच शब्द त्यांनी मथळ्यावर घातला, आणि पेपरवर स्वतःची ओळख छापली, अंग्रेजी राज का दुश्मन. हो, आम्ही तुमचा विश्वास मोडणार आहोत, लपूनछपून नाही, नाव लिहून. ज्या शब्दाने मारत होते तोच त्यांनी उचलून घेतला.

तुम्ही वर्ध्याचे आहात म्हणून मुद्दाम सांगते, पांडुरंग खानखोजे तुमच्याच वर्ध्याचे, गदरच्या पहिल्या फळीतले. शेतकीशास्त्र शिकले होते, देशात परत येता येईना म्हणून पुढे मेक्सिकोत राहिले आणि तिथे मक्याच्या सुधारित वाणांवर काम केलं. आणि दुसरे पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे, ते अमेरिकेतून परत आले, पंजाबात छावण्यांमधून शिपायांना उठवायच्या कामाला लागले, मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात गदरच्याच कर्तारसिंग सराभांबरोबर त्यांना फाशी दिलं. पिंगळ्यांवर आरोप होता बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. तळेगावात अजून त्यांचं नाव हुतात्मा लावून घेतात.